वाट तीच ठेवा, झाडं बदलत राहतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं चालायला जाता, पण तीच ती वाट असल्यानं आता कंटाळा येऊ लागलाय. झाडं बघायची हौस आहे, पण सगळी सारखीच हिरवी दिसतात. मोबाइलवरच्या ॲपनं नाव सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मग नवी वाट शोधावी का, सुरुवात कोणत्या ऋतूत करावी आणि नावं लक्षात कशी ठेवावीत? शिवाय झाडं बघण्यानं तब्येतीला काही फायदा होतो का?

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आणि लोकांना झाडं दाखवत हिंडवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

नवी वाट अजिबात शोधू नका. रोज नव्या वाटेनं गेलात तर दिसेल ते फक्त त्या दिवशीचं झाड. आज फुललेलं, उद्या तुमच्या नजरेआड. झाडाचं सगळं काम संथ चालतं आणि परत परत गेल्याशिवाय ते पकडता येत नाही. सध्याच्या वाटेवरची आठ-दहा झाडं निवडा. ती देखणी असायची गरज नाही, एकमेकांपासून वेगळी असली की पुरे. एखादा वड किंवा उंबर, एखादं काटेरी झाड, एखादं पूर्ण पानगळ होणारं, एखादं ओढ्याच्या काठचं. नाव माहीत नसेल तर तुम्हीच ठेवा, ‘वळणावरचं वाकडं’ किंवा ‘पुलाजवळचं पांढरं’. खरं नाव मागाहून येईल आणि तेव्हा ते विसरणार नाही, कारण ते नाव टांगायला तुमच्याकडे आधीच एक झाड असेल. ॲपनं सांगितलेलं नाव राहत नाही ते याचमुळे. बघण्याआधीच उत्तर हातात पडतं, मग बघायचं कशाला? ॲप वापरा, पण उलट्या क्रमानं. आधी तुम्ही पाच मिनिटं झाड बघा, अंदाज बांधा आणि मग पडताळून पाहा.

आता ऋतू. बहुतेकांना वाटतं पावसाळा, कारण तेव्हा हिरवाई असते. माझं मत नेमकं उलट आहे. पावसाळ्यात नवशिक्याला फक्त हिरवं दिसतं. सुरुवात करायची ती थंडी सरताना, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. आपल्याकडच्या कोरड्या पट्ट्यातली निम्मी झाडं तेव्हा उघडी पडलेली असतात. खोड दिसतं, फांद्यांची ठेवण दिसते, सालीचा रंग दिसतो, घरटी दिसतात. शिरीषाच्या वाळक्या, कागदी शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात आणि झाड डोळ्यांआधी कानांना सापडतं. डोंगरउतारावर कांडोळ असेल तर तो याच दिवसांत उठून दिसतो. गुळगुळीत पांढुरकी साल आणि तिचे कागदासारखे सुटणारे पापुद्रे, एरवी गर्दीत हरवलेलं हे झाड पानं झडली की चांदण्यातही ओळखू येतं. त्याला भुताचं झाड म्हणतात ते काही उगाच नाही.

आणि याच निष्पर्ण फांद्यांवर लाल-केशरी फुलं येतात. काटेसावर, पांगारा, पळस, तिघं थोड्या अंतरानं मागेपुढे. पानं नसताना फुलण्यात फायदा उघड आहे, फुलं लांबून दिसतात आणि या झाडांची भिस्त मुख्यतः पक्ष्यांवर असते. पळसाखाली पडलेलं एक ताजं फूल उचलून तळहातावर घ्या. देठाकडची वाटी काळपट, बोट फिरवलं तर मखमली लागते. तिच्यातून पाच पाकळ्या निघतात. एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि उरलेल्या दोन एकमेकींना जुळून चोचीसारखी बाकदार झालेल्या. ही जोडपाकळी नखानं हळूच उकला. आत दहा पुंकेसर लपलेले असतात, नऊ तळाशी जोडलेले आणि एक सुटा. मध तळाशी असतो. साळुंकी किंवा शिंजीर त्यासाठी आत चोच घालते तेव्हा हे केसर बाहेर येऊन तिच्या अंगाला टेकतात, आणि परागकण फुकटात पुढच्या फुलापर्यंत जातात. सकाळी लवकर गेलात तर एका पळसावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पळसमैना आणि एखादी खार असा सगळा जमाव भांडताना सापडेल. तिथं दहा मिनिटं थांबलात तर त्या दिवशीची पावलं कमी भरली याचं वाईट वाटून घेऊ नका.

पळसाला पाने तीनच, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पांगाऱ्यालाही तीनच असतात आणि बेलालाही. त्यामुळे तीन मोजून थांबू नका. पळसाची मधली पर्णिका, म्हणजे पानाचा सुटा भाग, मोठी, जाड, चामड्यासारखी असते आणि बाजूच्या दोन तिरक्या असतात. पांगाऱ्याची पानं पातळ आणि त्याच्या फांद्यांवर बारीक काळपट काटे.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण झाड ओळखण्यात नवशिके सर्वांत जास्त इथंच फसतात. पान कशाला म्हणायचं? करंजाची फांदी घ्या. तिच्यावर सुटी सुटी, चकचकीत पानं दिसतात. ती पानं नाहीत, पर्णिका आहेत. साधारण पाच-सात मिळून एक पान होतं. ओळखायचं कसं? देठ जिथं फांदीला टेकतो त्या बेचक्यात बघा. तिथं बारीकसा डोळा, म्हणजे कळी असेल, तर तो पानाचा देठ. कळी नसेल तर ती पर्णिका, आणखी मागे या आणि कळी सापडेपर्यंत येत राहा. एवढी एक युक्ती हाती आली की कडुनिंब, बहावा, चिंच, शिरीष, शेवगा ही सगळी एका बाजूला जातात, वड, पिंपळ, आंबा, साग दुसऱ्या बाजूला, आणि निम्मं काम झालेलं असतं.

काट्यांचंही तसंच आहे. ‘काटेरी झाड’ म्हणून पुढं जाऊ नका, जवळ जाऊन काटा बघा. बाभळीचे काटे सरळ, लांब, पांढरट, जोडीनं. खैराचेही जोडीनं, पण आखूड आणि आकड्यासारखे वळलेले. हिवराचे सरळच, पण त्याची साल पिवळट-पांढरी असते आणि फुलोरा पावसाळ्यात येतो. बोरीची गंमत सर्वांत मोठी. तिच्या प्रत्येक जोडीत बहुधा एक काटा सरळ आणि एक वाकडा असतो. बोरात हात घातलेल्या माणसाला एक काटा आत जाताना टोचतो आणि दुसरा बाहेर येताना, ते यामुळे. बोरीचं पान उलटं करा. खालची बाजू पांढुरकी, लोकरीसारखी, आणि देठापासूनच तीन ठळक शिरा निघालेल्या. एवढं पाहिलं की मग बोर ओळखायला फळ लागत नाही.

साल वाचायला शिकायची असेल तर ऐन आणि अर्जुन ही जोडी घ्या. दोघं एकाच कुळातले, एकाच प्रजातीगटातले सख्खे भाऊ. दोघांच्याही फळांना पाच पंख असतात. पण अर्जुन ओढ्या-नदीच्या काठाला, त्याची साल गुळगुळीत, राखाडी-पांढरट, मोठ्या सपाट ढलप्यांनी सुटणारी. ऐन डोंगरउतारावर, त्याची साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी चौकटी पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. दोन्हींवर हात फिरवून बघा. डोळ्यांपेक्षा तळहाताच्या लक्षात ते जास्त राहतं. ऐनाच्या पानामागं, देठाजवळ, मधल्या शिरेवर बारीक गाठी दिसतात, त्याही बघून ठेवा. काही ऐनांच्या खोडात उन्हाळ्यात पाणी साठलेलं असतं, पण म्हणून कुऱ्हाड चालवून बघू नये. लोक बघतात, म्हणून सांगतो.

वर्षातला माझा सर्वांत आवडता काळ मार्च-एप्रिल. ऊन तापलेलं, विहिरी तळाला, पावसाला अजून दोन-तीन महिने, आणि नेमकी तेव्हाच झाडं नवी पानं काढतात. विचार केला तर हे चक्रावून टाकणारं आहे. पाणी वाचवायला म्हणून हिवाळ्यात पानं टाकली, मग ऐन उन्हाळ्यात ती परत का आणायची? खोल गेलेली मुळं आणि खोडात साठवलेलं पाणी या जोरावर झाडाला हे परवडतं. वाढत जाणारा दिवस हा त्याला मिळणारा एक इशारा असल्याचं संशोधक मानतात. आणि पहिला पाऊस पडतो तेव्हा पानांचा संसार तयार असतो, ओला हंगाम सुरू होताच अन्न तयार करण्याचं काम पूर्ण वेगानं चालू. शिवाय कोरड्या दिवसांत पानं खाणाऱ्या अळ्या कमी असतात, तोवर कोवळी पानं निबर होऊन जातात.

ही पानं हिरवी येत नाहीत हे तर अजून मजेचं. कुसुम, ज्याला कोशिंबही म्हणतात, तो मार्चमध्ये असा लालभडक होतो की लांबून फुललाय असंच वाटतं. पिंपळाची पालवी तांबूस, चकाकणारी. कडुनिंबाची तपकिरी-लालसर. आंब्याची जांभळट, मलूल लोंबणारी. हा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं, त्या काळात कडक उन्हापासून पानाचं संरक्षण करण्यात या रंगद्रव्याचा वाटा असतो. करंज मात्र थेट पोपटी निघतो आणि अशा उन्हात त्या पोपटी रंगाकडं बघून डोळे निवतात. तुमच्या आठ-दहा झाडांत यांतलं एखादं असेल तर त्या पंधरवड्यात एकही दिवस चुकवू नका. सोमवारी लाल असलेलं पान पुढच्या सोमवारी हिरवट झालेलं असतं.

कंटाळ्याचं औषध मला विचाराल तर हेच आहे. एकदा वर्षभर एक झाड पाहिलं की दुसऱ्या वर्षी तुम्ही त्याची वाट बघू लागता. या वेळी सावर कधी फुलेल? बहावा मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी पिवळा झाला होता, यंदा लवकर दिसतोय का? अंदाज बरोबर आला तर बरं वाटतं, चुकला तर जास्तच विचार करायला मिळतो. त्यासाठी वही हवी. तारीख, झाड, आणि एक ओळ. ‘निम्मी पानं गळली.’ ‘कळ्या आल्या, फूल नाही.’ एवढंच. निबंध लिहायला घेतलात तर महिन्याभरात वही बंद पडेल. सीझनवॉच नावाचा नागरिकांचा उपक्रम देशभर अशाच नोंदी गोळा करतो, आठवड्यातून एकदा त्याच झाडाची पानं, फुलं, फळं किती आहेत एवढी. हवामान बदलतंय तसं झाडांचं वेळापत्रक हलतंय का, हे पुढंमागं समजून घ्यायला असल्याच नोंदी लागतात. तुम्हाला शिस्त लागायला बाहेरचा धाक हवा असेल तर त्यात भाग घ्या.

वाटेवर उंबर असेल तर तुम्ही नशीबवान. त्याची फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसानं लागतात. उंबराचं फूल कुणी पाहिलं नाही म्हणतात, ते रोज पायाखाली तुडवलं जातं. एक कच्चं उंबर मधोमध कापा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं दाटीनं लागलेली दिसतील. टोकाला एक बारीक छिद्र असतं. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक इवलासा कीटक असतो, त्याची मादी त्यातून आत शिरते. वाट इतकी अरुंद की आत जाताना तिचे पंख तुटतात. ती सोबत आणलेले परागकण फुलांवर सोडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढची पिढी आत वाढते. नरांना पंखच नसतात, ते माद्यांशी मीलन करून बाहेर पडायची वाट कोरतात आणि माद्या परागकण घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. वड, पिंपळ, नांद्रुक, प्रत्येकाचा असा आपापला कीटक. एका झाडावरची फळं साधारण एकदम तयार होतात, पण निरनिराळी झाडं निरनिराळ्या वेळी फळतात. म्हणून परिसरात चार-पाच वड-उंबर असले तर हरियाल, तांबट, वटवाघळं यांना वर्षभर कुठं ना कुठं काहीतरी मिळत राहतं. कोणता वड कधी पिकला याची नोंद ठेवलीत तर पक्षी कुठं सापडतील हे आधी सांगता येईल.

चालीबद्दल. डॉक्टरांनी भरभर चालायला सांगितलं असेल तर जाताना भरभर चाला आणि येताना झाडं बघा. दोन्ही एकत्र होत नाही, व्यायामही धड नाही आणि बघणंही. येताना पाय आपोआप थकलेले असतात, त्याचा फायदा होतो.

बघणं म्हणजे नुसते डोळे असंही नाही. कडुनिंबाचा मोहोर एप्रिलच्या संध्याकाळी आधी वासानं कळतो. सातवीण दिवाळीच्या सुमारास रात्री इतकी घमघमते की काहींचं डोकं दुखतं. सागाचं कोवळं पान बोटांनी चुरडा, बोटं लाल होतात. पावसाळा सरताना सागाची पानं जाळीदार झालेली दिसतात, नुसत्या शिरा शिल्लक. लोक घाबरून रोग पडला म्हणतात. ते एका पतंगाच्या अळ्यांचं काम असतं, त्या शिरांमधला सगळा हिरवा भाग खातात. झाड मरत नाही, ती पानं थोड्या महिन्यांत तशीही गळायचीच असतात. पौर्णिमेला संध्याकाळी उशिरा फिरायला गेलात तर चिंच, शिरीष आणि रेन ट्री यांची पानं मिटलेली बघा. पर्णिकांच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींमधलं पाणी इकडून तिकडं झालं की पर्णिका मिटतात.

परदेशी झाडांविषयी लोक फार तावातावानं बोलतात. रेन ट्री अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. एवढंच काय, चिंचेचं मूळ घर आफ्रिका. नवीन लावताना स्थानिकच लावावं, यात मला शंका नाही. गिरिपुष्पाखाली फारसं काही फिरकत नाही हे तुम्हालाही दिसेल. पण बघण्याच्या यादीतून त्यांना काढू नका. शंभर वर्षांच्या रेन ट्रीच्या फांदीवर किती नेचे आणि बांडगुळं राहतात हे मोजायला बसलात तर सकाळ पुरणार नाही.

वयावरून आठवलं. प्रत्येक गावात एक ‘पाचशे वर्षांचा वड’ असतो. वडाच्या खोडात वर्षाचा हिशेब देणारी स्पष्ट वलयं नसतात, मूळ खोड पुष्कळदा कुजून गेलेलं असतं आणि पारंब्यांची नवी खोडं झालेली असतात, त्यामुळे असले आकडे ऐकावेत आणि सोडून द्यावेत. आपल्याकडं वलयं नीट दाखवणाऱ्या थोड्या झाडांत साग येतो. वयापेक्षा घेर मोजा. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, शिंप्याची टेप गुंडाळा. वनखातंही छातीइतक्या याच उंचीवर मोजतं. दरवर्षी त्याच महिन्यात मोजा आणि खोडावर खिळा ठोकून खूण करू नका. दुसऱ्या वर्षी टेपवर एक-दोन सेंटिमीटर वाढलेले दिसले की होणारा आनंद जरा हास्यास्पद आहे, पण होतो.

सामान फार लागत नाही. भिंग, वही, टेप. दुर्बीण असेल तर ८ गुणिले ४२ची पुरते, आणि ती उलटी धरून फुलाच्या अगदी जवळ नेली की भिंगाचं काम करते. पावसाळ्यात आणि नंतर उंच गवतात उघड्या पायांनी शिरू नका. खाजकुयलीच्या शेंगा आणि कांडोळाची फळं यांना हात लावू नका, दोन्हींची लव अंगाला लागली तर दिवस वाया जातो. बिब्ब्याचा रस कातडीवर पडला तर फोड येतात. राखीव वनात जायचं तर परवानगी घ्या. फूल बघायला खाली पडलेलं घ्या, फांदी ओरबाडू नका.

तब्येतीचं तुम्ही ओझरतं विचारलंय. झाडं बघून रक्तदाब किती उतरतो याचे जे दावे फिरतात त्यात मी पडत नाही. एक जुना अभ्यास मात्र मला आवडतो. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते २३ रुग्ण, आणि ज्यांना विटांची भिंत दिसत होती ते २३. झाडंवाले सरासरीनं थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण ती झाडं नुसती खिडकीतून दिसत होती, आणि तुम्ही तर त्यांच्याखाली जाणार आहात.

एकट्यानं की सोबतीनं? आठवड्यातले बहुतेक दिवस एकट्यानं. गप्पा मारणारा सोबती असला की झाडं दिसत नाहीत, हा सरळ अनुभव आहे. पण पंधरा दिवसांतून एकदा कुणाला तरी घेऊन जा, शक्यतो आठ-दहा वर्षांच्या मुलाला किंवा तिथल्या एखाद्या गुराख्याला. मूल तुम्हाला न सुचणारे प्रश्न विचारेल आणि गुराख्याला कोणत्या झाडाचा पाला शेळी तोंडाला लावत नाही हे ठाऊक असेल, जे ॲपवर मिळायचं नाही. तो सांगेल ते नाव पुस्तकातल्या नावापेक्षा वेगळं असलं तर दोन्ही वहीत लिहा. सध्या जी झाडं निवडाल त्यांतलं एखादं ओळखू येत नसेल तर पूर्ण झाड, साल, पानाची दोन्ही अंगं आणि देठाच्या बेचक्यातली कळी असे चार फोटो काढून ठेवा. नुसत्या हिरव्या शेंड्याच्या फोटोवरून मलाही काही सांगता येत नाही.